चव्वेचाळीस पॉइंट चार सहा

प्रश्न तिसरा, उपप्रश्न क:
७.४६ ही संख्या जवळच्या पूर्णांकात लिहा.
तामेश्वरी नेवारेनं लिहिलं, आठ.
मी लाल फुली मारली,
कूलरच्या वाऱ्यानं फडफडणारा पेपर
डस्टरखाली दाबला
आणि पुढचा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या शाळेत
ती टेबलाशी येऊन उभी.
"मॅडम, हे काऊन चूक?
सहा पाचाहून मोठा, म्हणून चाराचे पाच केले.
मंग पाच आले, म्हणून साताचे आठ.
तुम्हीच तं सांगतलं होतं."

सांगितलं होतं.
दोन्ही पायऱ्या माझ्याच, एकेकटी पाहिली तर बिनचूक.

मी फळ्यावर रेषा ओढली.
इकडे सात, तिकडे आठ,
बरोब्बर मधे साडेसातचा उंबरठा.
"तुझी संख्या अजून अलीकडे आहे बघ,
चार शतांश अलीकडे.
एकदाच बघायचं. दशांशाच्या घरात डोकवायचं
आणि मागचे सगळे सोडून द्यायचे.
शेवटच्यानं ढकललं म्हणून मधला पुढे,
मधल्यानं ढकललं म्हणून पहिला,
असं नाही चालत."

ती रेषेकडे बघत राहिली.
"पण परवा चाललं न, मॅडम."

मग कळलं ते असं.
बेश्याकडे सात मजली इमारत उठते आहे.
तिथं पत्र्याच्या ऑफिसला कागद चिकटवलाय:
तापमान पंचेचाळीस झाल्यास बारा ते चार काम बंद.
बाजूला इंजिनिअरनं लावलेला मीटर,
काळ्या वायरच्या टोकाला बोटभर नळी,
पॉइंटच्या पुढे दोन आकडे दाखवणारा.
पॉइंटच्या पुढचं मुकादम गभनेंना कळत नाही,
पॉइंटच्या मागचं फार कळतं.
परवा ही बापाचा डबा घेऊन गेली.
मीटरवर ४४.४६.
गभने म्हणाले, चव्वेचाळीसच हाय, चला.
हिनं सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर
विटेच्या तुकड्यानं गणित मांडलं.
सहा मोठा. चाराचे पाच.
पाच आले. चाराचे पाच.
गभनेंनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली,
"मॅडमनं शिकवलं काय?"
"हो."
त्यांनी शिट्टी मारली.
तेवीस माणसं स्लॅबखालच्या सावलीत
ओल्या पोत्यांवर आडवी झाली,
टेकचंद नेवारे त्यातला एक,
आणि चार वाजेपर्यंत कुणीही
दुसऱ्या पद्धतीनं ते गणित करून पाहिलं नाही.

मी फुली खोडली नाही.
बाजूला अर्धा गुण लिहिला, "पायऱ्यांचा."
मुख्याध्यापिका विचारतील तर
काय सांगायचं, ते घरी जाईपर्यंत जुळवत होते.

शुक्रवारी मुद्दाम त्या रस्त्यानं गेले.
दुपट्ट्यात डोळे तेवढे उघडे,
स्कूटीची सीट तव्यासारखी.
वरून पाट्या सुरू होत्या.
ती विटांच्या चळतीवर चढून
मीटरपाशी उभी, आकडे मोठ्यानं वाचत.
४४.३८.
आठ मोठा, तिनाचे चार.
चार लहान. संपलं.
आज तिची चूक करूनही
पंचेचाळीस होत नव्हते.

मग तिनं ती बोटभर नळी
दोन्ही तळव्यांत घट्ट धरली,
थंडीत चिमणीचं पिल्लू धरावं तशी,
ऊब द्यायला.

४४.१०.
४३.५२.
४२.७५.

तळहात सदतीसचा.
एप्रिलच्या शेवटी, ह्या गावात, भर दुपारी
लेकराचं अंगच काय ते गार.

गभने शिट्टी हातात धरून बघत होते.
ती माझ्याकडे वळली.
"मॅडम, हा कमी काऊन होऊन राह्यला?"